एसटी समोर उभी, तरी किक मोटारसायकललाच! सवयीचे हे गणित संगणक कसे मांडतो?

सकाळची वेळ. तळोदा बसस्थानकात नंदुरबारची एसटी लागलेली असते. स्थानकाबाहेर ‘नंदुरबार, नंदुरबार’ अशी हाळी देत काळी-पिवळी भरत असते. आणि या दोघांच्या मधून, कोणाकडेही न बघता, मोटारसायकलींची रांग हातोडा पुलाच्या दिशेने निघून जाते. कोणी शिक्षक, कोणी तलाठी, कोणी दवाखान्यात नेमणुकीला, कोणी कॉलेजचा विद्यार्थी. यातल्या एखाद्याला थांबवून विचारले, ‘बसने का नाही जात?’ तर उत्तर तयार असते : बसचा भरवसा नाही, बस महाग पडते, बसला वेळ लागतो. पण याआधी बसने कधी गेला होता, असे विचारले तर बहुतेकांना आठवावे लागते.

उत्तर तयार आहे आणि अनुभव जुना आहे, या दोन गोष्टींमधल्या फटीचा अभ्यास सध्या संगणकावर होतो आहे. माणूस प्रवासाचे साधन रोज विचार करून निवडतो की कालचेच आज पुढे चालवतो? विचार केलाच, तर तो विचार सरळ असतो की आधीच कुठे तरी झुकलेला? फ्रान्समधल्या काही संशोधकांनी यासाठी संगणकात अख्खे गाव वसवले आणि त्यातल्या माणसांना सवयी आणि पूर्वग्रह दिले. तळोद्यासारख्या, रेल्वे स्थानक नसलेल्या आणि एसटीच्या एकेका फेरीवर शाळा-कॉलेज अवलंबून असलेल्या गावाला या खेळातून काय कळू शकते, ते पाहू.

संगणकातले गाव म्हणजे नेमके काय?

वाहतुकीचा अंदाज बांधण्याची जुनी रीत रस्त्यावरची वाहने मोजण्याची. किती गाड्या गेल्या, किती वाढतील, रस्ता किती रुंद हवा. त्यात माणूस नसतो, फक्त आकडा असतो. माणसाची निवड गणितात आणण्याचे मोठे काम अमेरिकी अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी केले. १९७०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरात ‘बार्ट’ ही नवी रेल्वे येत होती. सरकारी अंदाज होता की १५ टक्के प्रवासी तिच्याकडे वळतील. मॅकफॅडन यांनी लोकांचे वेळ, पैसा, चालावे लागणारे अंतर यांचे हिशोब मांडून ६.३ टक्के असा अंदाज दिला. प्रत्यक्षात आकडा आला ६.२ टक्के. याच धाटणीच्या कामासाठी त्यांना २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

मॅकफॅडन यांच्या मांडणीतला माणूस मात्र बऱ्यापैकी शहाणा आहे. तो पर्याय समोर ठेवतो, तोलतो आणि निवडतो. सवय हा त्याचा मुख्य गुण नाही. ती उणीव भरून काढते दुसरी पद्धत. तिच्यात एकेक माणूस स्वतंत्र पात्र म्हणून संगणकात उतरवतात. प्रत्येक पात्राला घर, कामाचे ठिकाण, आवडीनिवडी आणि वागण्याचे दोन-चार नियम द्यायचे, मग घड्याळ सुरू करायचे आणि बघत राहायचे. वरून कोणी हुकूम देत नाही. गावाचे चित्र पात्रांच्या वागण्यातून आपोआप तयार होते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये वस्त्या वेगळ्या कशा पडत जातात हे अशाच रीतीने दाखवले. साधन काय, तर चौकटीचा पट आणि नाणी. आज हेच काम ‘नेटलोगो’सारखी मोफत प्रणाली करते. ती १९९९ पासून उपलब्ध आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही दोन-तीन दिवसांत तिच्यात छोटेसे गाव वसवू शकतो. अवघड असते ते त्या गावातली माणसे खरी वाटतील अशी घडवणे.

फ्रान्सच्या मॉडेलमध्ये माणूस निवड कशी करतो?

ग्रेनोबल विद्यापीठातल्या कॅरोल अॅडम आणि तुलूजचे बेनुआ गोडू यांनी शहरी प्रवासाच्या निवडीवर असे मॉडेल तयार केले. साधने चार : मोटार, बस, सायकल आणि पायी. निकष सहा : खर्च, वेळ, आराम, सुरक्षितता, सोय आणि पर्यावरण. प्रत्येक पात्राला कोणता निकष किती महत्त्वाचा वाटतो, याचे वजन ठरलेले. प्रत्येक साधनाला प्रत्येक निकषावर गुण. वजन गुणिले गुण, सगळ्यांची बेरीज, ज्याची बेरीज मोठी ते साधन. ही झाली विचारी निवड. त्यावर सवय आणि पूर्वग्रहांचे थर चढवायचे आणि फरक मोजायचा.

हेच तळोद्यात आणून बघू. चार साधनांची नावे बदलावी लागतील, कारण इथली लढत मोटारसायकल, एसटी आणि काळी-पिवळी यांच्यात आहे. समजा, तळोद्याहून नंदुरबारला रोज जाणारा एक कारकून आहे. (पुढचे सगळे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही पाहणीतले नाहीत.) त्याच्या लेखी वेळेचे वजन ५, सोयीचे ४, सुरक्षिततेचे ४, खर्चाचे ३, आरामाचे २ आणि पर्यावरणाचे १. आता मोटारसायकलला दहापैकी गुण देऊ : वेळ ८, सोय ९, सुरक्षितता ३, खर्च ५, आराम ४, पर्यावरण ४. बेरीज येते ११५. एसटीला : वेळ ५, सोय ४, सुरक्षितता ८, खर्च ७, आराम ६, पर्यावरण ८. बेरीज ११४.

म्हणजे सामना जवळजवळ बरोबरीत आहे. एसटीने वेळापत्रक थोडे पाळले आणि सोयीचा गुण ४ वरून ५ झाला, की एसटी ११८ वर जाते आणि आपला कारकून बसमध्ये बसतो. कागदावर तरी असेच दिसते. प्रत्यक्षात तो बसत नाही, आणि का बसत नाही हाच या मॉडेलचा विषय आहे.

पूर्वग्रह कुठून शिरतात?

पहिला शिरकाव गुण देतानाच होतो. जे वाहन आपण वापरतो त्याला सगळ्याच बाबतीत झुकते माप देण्याची माणसाची खोड असते. मोटारसायकल वेळेत पोहोचवते, म्हणून ती सुरक्षितही वाटू लागते. अॅडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये लोकांना साधनांना गुण द्यायला सांगितले, तेव्हाही माणसे आपल्या नेहमीच्या साधनाबद्दल अधिक उदार असल्याचे दिसले. आपल्या कारकुनाने मोटारसायकलच्या सुरक्षिततेला ३ऐवजी ६ गुण दिले, की तिची बेरीज ११५ वरून १२७ होते. बसला वेळेत ५ऐवजी ४ दिले, की ती ११४ वरून १०९ वर येते. एका गुणाचे अंतर अठराचे झाले. आता एसटीने सोयीचा तो एक गुण कमावला, तरी ती पोहोचते ११३ वर. सुधारणा खरी आहे, पण ती १२७ आणि ११३ मधल्या दरीत हरवून जाते. आगारातला माणूस म्हणतो, ‘गाडी वेळेवर सोडली तरी लोक येत नाहीत’. प्रवासी म्हणतो, ‘गाडी वेळेवर कुठे असते?’ दोघेही आपल्या जागी प्रामाणिक आहेत.

दुसरी गफलत खिशाच्या हिशोबात होते. समजा रोजचा जाऊन-येऊन ५० किलोमीटरचा प्रवास आहे, गाडी लिटरला ५० देते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे. कारकुनाच्या डोक्यात रोजचा खर्च १०५ रुपये. बसचे दोन्ही वेळचे भाडे समजा १२० रुपये. मग बस महाग, विषय संपला. पण ऑइल आणि सर्व्हिसिंगचे महिन्याला सरासरी ४०० रुपये धरले, टायर-चेन-ब्रेकचे ३०० धरले, तर २५ दिवसांच्या महिन्यात रोजचे २८ रुपये वाढतात. खर्च होतो १३३. गाडीची घटती किंमत आणि विमा यात धरलेला नाही, कारण गाडी दारात उभी राहिली तरी तो खर्च चुकत नाही. तरीसुद्धा बस स्वस्त पडते; मासिक पासाची सवलत आणखी वेगळी. पेट्रोलचे पैसे पंपावर दिसतात, टायरचे पैसे दोन वर्षांनी एकदा दिसतात आणि ‘प्रवासखर्च’ म्हणून नव्हे तर ‘गाडीचे काम निघाले’ म्हणून आठवतात. माणूस पैशांची अशी वेगवेगळी गाठोडी बांधतो, हे सविस्तर मांडणाऱ्या रिचर्ड थेलर यांना २०१७ साली नोबेल मिळाले. आपल्याकडे घराघरांत किराण्याचे, फीचे आणि भिशीचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत ठेवणाऱ्या बायकांना हा शोध नवा वाटणार नाही.

तिसरा पूर्वग्रह भीतीचा आहे, आणि इथे पणाला लागतो तो जीव. जे पटकन आठवते ते वारंवार घडते असे आपल्याला वाटते. डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७३ मध्ये हे दाखवून दिले. बस घाटात उलटली की पहिल्या पानावर बातमी येते, फोटो येतो, गावोगाव चर्चा होते. दुचाकी घसरून एक जण गेला, तर ती आतल्या पानावरची चार ओळींची बातमी. वाचकाच्या डोक्यात बसचा अपघात मोठा होतो. हा दोष आम्हा बातमीदारांचाही आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जण मरण पावले, त्यांतले सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमानाला घाबरून असंख्य लोक मोटारीने लांबच्या प्रवासाला निघाले. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांच्या हिशोबानुसार त्यामुळे पुढच्या वर्षभरात सुमारे दीड हजार जास्तीचे मृत्यू रस्त्यावर झाले. घाबरण्याची जागा चुकली, एवढेच कारण.

मॉडेलमध्ये हे सगळे उतरवणे तितके अवघड नाही. पात्राला बसचे गुण देताना मागच्या तीस फेऱ्यांची सरासरी काढायला सांगण्याऐवजी त्यातली सर्वांत वाईट फेरी लक्षात ठेवायला सांगायचे. ज्या दिवशी बस आलीच नाही आणि परीक्षेला उशीर झाला, तो एक दिवस बाकीच्या २९ दिवसांवर भारी पडतो.

पण रोज विचार करतो तरी कोण?

पूर्वग्रह विचार बिघडवतो; सवय विचारच होऊ देत नाही. सकाळी चावी खुंटीवरून काढताना कोणी सहा निकषांची बेरीज करत नाही. हर्बर्ट सायमन यांनी फार पूर्वी सांगितले होते की माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत नाही, पुरेसा बरा सापडला की थांबतो. सवय त्याच्याही पुढची पायरी. बास वेर्प्लांकन आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत दिसले की ज्यांची सवय घट्ट असते ते लोक इतर पर्यायांची माहितीच कमी घेतात. म्हणजे बसस्थानकात नवे वेळापत्रक लावले, तरी ते वाचायला मोटारसायकलवाला स्थानकात येतोच कुठे?

सवयीचा परिणाम किती खोल जातो, हे समजण्यासाठी संगणकाचीही गरज नाही, वही-पेन पुरते. समजा, तळोद्याहून नंदुरबारला रोज मोटारसायकलने जाणारे १०० जण आहेत. सकाळी सोयीच्या वेळी ४४ आसनांची नवी एसटी फेरी सुरू झाली. या १०० पैकी ४० जणांसाठी ही बस खरोखरच सरस आहे. सवय नावाची गोष्ट नसती तर पहिल्याच दिवशी ४० प्रवासी मिळाले असते. पण समजा, कोणताही एक माणूस एखाद्या सकाळी थांबून नव्याने विचार करेल, ही शक्यता फक्त ५ टक्के आहे. मग दहा दिवसांनी किती जणांनी निदान एकदा तरी विचार केलेला असेल? साधारण ४० टक्के. म्हणजे त्या ४० पैकी १६ जण बसमध्ये. तीस दिवसांनी ७८-७९ टक्के, म्हणजे ३१ जण. साठ दिवसांनी ३८.

आता एसटीच्या बाजूने बघा. नवी फेरी सुरू केल्यावर दहाव्या दिवशी भारमान काढले तर ४४ आसनांवर १६ प्रवासी, जेमतेम ३६ टक्के. ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा मारून फेरी बंद होते. आणखी वीस दिवस थांबले असते तर तीच फेरी ७० टक्क्यांवर गेली असती. प्रवासी कमी म्हणून फेरी बंद आणि फेरी बंद म्हणून प्रवासी कमी, हे चक्र ग्रामीण महाराष्ट्राला नवीन नाही. त्या १६ प्रवाशांत कॉलेजला जाणाऱ्या चार मुली असतील, तर फेरी बंद झाल्यावर कारकून पुन्हा मोटारसायकल काढेल. मुलींकडे काढायला काही नसते.

यात आणखी एक बाब मिसळू. समजा, ही बस दहा दिवसांतून एकदा येतच नाही आणि ज्याला ती मिळाली नाही तो चिडून मोटारसायकलवर परततो. पुन्हा बसचा विचार करायची शक्यता तीच, रोज ५ टक्के. काही महिने हे चालू दिले तर बसमध्ये स्थिर किती राहतील? येण्याचा वेग ५, जाण्याचा १०. पंधरा भागांतले पाच. म्हणजे ४० पैकी फक्त १३. बस पन्नास दिवसांतून एकदाच चुकली, तर जाण्याचा वेग २ होतो, सात भागांतले पाच बसमध्ये राहतात, म्हणजे २९ जण. गाडी तीच, भाडे तेच, वेळ तीच. नव्या गाड्यांना झेंडा दाखवण्याचे कार्यक्रम आपल्याकडे खूप होतात. न चुकता आलेल्या पन्नासाव्या फेरीचा कार्यक्रम अजून कोणी केलेला नाही.

सवय मोडते तरी कधी?

कोणी तरी ती जबरदस्तीने मोडावी लागते, असे अनुभव सांगतो. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी दोन दिवसांचा संप केला. काही स्थानके बंद, काही सुरू. रोजचा मार्ग बंद असलेल्यांना दुसरा शोधावा लागला. तीन अर्थतज्ज्ञांनी नंतर प्रवासकार्डांच्या नोंदी तपासल्या तेव्हा आढळले की संप मिटल्यावरही सुमारे ५ टक्के लोक जुन्या मार्गावर परतलेच नाहीत. वर्षानुवर्षे रोज जाणाऱ्या माणसांना आपल्यासाठी अधिक बरा मार्ग आहे, हे संपामुळे कळले. गमतीचा भाग असा की ज्या भागात लंडन रेल्वेचा तो प्रसिद्ध नकाशा खऱ्या अंतरांपासून जास्त फारकत घेतो, तिथल्या लोकांनी मार्ग अधिक प्रमाणात बदलले. नकाशानेच त्यांना चुकीची सवय लावली होती.

स्टॉकहोमने २००६ मध्ये जानेवारी ते जुलै असे सात महिने शहराच्या गाभ्यात शिरणाऱ्या मोटारींवर प्रायोगिक कर लावला. वाहने सुमारे २० टक्क्यांनी घटली. सुरुवातीला बहुसंख्य लोक विरोधात होते. प्रयोगानंतर झालेल्या सार्वमतात शहरवासीयांनी बाजूने कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून कर कायम झाला. त्या प्रयोगाशी जवळून संबंधित असलेले योनास एलियासन सांगतात की ज्यांनी आपला प्रवास बदलला त्यांतल्या बहुतेकांना आपण काही बदलले आहे, हे जाणवलेसुद्धा नाही. आपल्याच सवयीबद्दल माणूस किती कमी जाणतो, याचा हा पुरावा आहे. लोकांना विचारून भरलेल्या अर्जांवर अशी मॉडेल उभी करताना म्हणूनच जपून राहावे लागते.

आपल्याकडे असा धक्का उलट दिशेने बसला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये मिटला. साडेपाच महिने. लंडनच्या दोन दिवसांत ५ टक्के लोकांच्या सवयी बदलल्या असतील, तर साडेपाच महिन्यांत काय झाले असेल? ज्यांना जमले त्यांनी दुचाकी घेतली, बाकीचे काळी-पिवळीत कोंबून घेऊ लागले. संपातल्या कर्मचाऱ्यांची बाजू हा वेगळा विषय. पण प्रवाशांच्या सवयीच्या दृष्टीने हा राज्यातला सर्वांत मोठा न ठरवलेला प्रयोग होता, आणि तिकीट यंत्रांतल्या आधीच्या-नंतरच्या नोंदींवरून त्याचा अभ्यास होऊ शकतो.

दुसरा धक्का सुखाचा होता. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट झाले. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळू लागला होता. महिला प्रवाशांची संख्या लक्षणीय वाढली. या सवलतीचे मर्म तिच्या साधेपणात आहे. अर्ज नाही, वर्षाअखेरचा परतावा नाही. वाहकाच्या यंत्रातून निघालेल्या तिकिटावर निम्मी रक्कम तिथल्या तिथे दिसते. आधीच्या हिशोबातला टायरचा खर्च जसा डोळ्याआड राहतो, तसे इथे होत नाही. घराचा निर्णयही बदलतो : नवरा-बायको बाजाराला जाणार असतील तर एका मोटारसायकलचे पेट्रोल विरुद्ध दीड तिकीट, असा नवा सामना उभा राहतो. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे सुमारे १५ टक्क्यांनी वाढले तेव्हा तो पुन्हा बदलला असणार.

आणि रस्ता बदलला तरी सवय हलते. तापीवरचा हातोडा पूल होण्याआधी तळोद्याहून नंदुरबारला प्रकाशामार्गे वळसा घालून जावे लागत असे. तो वळसा वाचला तेव्हा सगळ्यांचेच हिशोब नव्याने मांडले गेले. ज्या साधनाने त्या पहिल्या काही आठवड्यांत प्रवासी पकडले, ते पुढची अनेक वर्षे त्याच्याकडे राहतात.

जिथे निवडच नाही तिथे?

या सगळ्या मॉडेलांचा एक मोठा दोष तळोद्यात उभे राहिले की लगेच दिसतो. ग्रेनोबलच्या पात्रासमोर चार साधने आहेत. तळोद्याहून उत्तरेला सातपुड्यात शिरले, की पाड्यावरच्या माणसासमोर बहुतेक वेळा एकच असते : येईल ती जीप, नाही तर पिकअप. नंदुरबार जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या १६ लाख ४८ हजार. तिच्यात ६९ टक्क्यांहून अधिक आदिवासी. ऊसतोडीसाठी गुजरातला जाणारे मजूर, आठवडे बाजाराला निघालेले कुटुंब, अस्तंब्याच्या यात्रेला निघालेले तरुण, सगळे मालवाहू गाडीच्या हौद्यात उभे राहून जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणारी अशीच पिकअप चांदशैली घाटात उलटून भाविकांचे बळी गेले. त्यानंतर ‘मालवाहू गाडीत बसतातच कशाला?’ असा सूर सहज निघतो. हा प्रश्न विचारणारा शहाण्या माणसाचे मॉडेल डोक्यात धरून बसलेला असतो. पर्यायांच्या यादीत एकच ओळ असेल, तर वजने, गुण, पूर्वग्रह यांना काही अर्थ उरत नाही. बेरीज कितीही आली तरी उत्तर तेच.

याच घाटात सप्टेंबर २०२१ मध्ये दरड कोसळून रस्ता बंद होता, तेव्हा आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे निघालेल्या पतीची बातमी राज्यभर गेली होती. ती वाटेतच दगावली. या प्रवासाला कोणत्याही मॉडेलमध्ये ‘पायी’ अशी नोंद होईल. पर्यावरणाच्या रकान्यात त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतील. म्हणून आकड्यांचा खेळ मांडणाऱ्याने आधी हे तपासायला हवे की समोरच्याने साधन निवडले आहे की त्याच्यावर ते पडले आहे. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच बिगरशेती कामगारांना कामावर कसे जाता, असे विचारले गेले. देशभरात प्रवास करणाऱ्यांचा सर्वांत मोठा गट पायी जाणाऱ्यांचा निघाला. त्यांतले किती जण आवडीने चालतात, हे त्या तक्त्यातून कळत नाही.

निवड असलेले आणि नसलेले यांची गाठ मात्र एकाच बसमध्ये पडते, आणि मॉडेलचा खरा उपयोग इथे आहे. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. मागास तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या बस त्यांच्यासाठीच सुरू झाल्या. पण सामान्य फेरी टिकते ती पूर्ण तिकीट काढणाऱ्या त्या कारकुनामुळे. त्याची सवय हलली नाही, तर मुलींची फेरी हलते. मॉडेलमध्ये दोन प्रकारची पात्रे ठेवून हे सहज तपासता येते : एकाकडे चावी आहे, दुसरीकडे फक्त पास आहे. फेरी किती दिवस तोट्यात चालवली तर पहिला येतो आणि दुसरीची शाळा सुटत नाही, हा त्यातला शोधायचा आकडा.

तळोद्यासाठी असे मॉडेल कोणी करायचे?

यासाठी परदेशी तज्ज्ञ लागत नाही. एसटीच्या तिकीट यंत्रांत कोणत्या थांब्यावर किती जण चढले, याची नोंद असते. जिल्ह्यात इंजिनीअरिंग आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी आहेत, त्यांना वर्षाअखेरचे प्रकल्प लागतात. एरवी ते बहुधा ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर करून दाखवतात, मीही तेच केले होते. कमी आहे ती माणसांच्या सवयींची माहिती : कोण कधी शेवटचा बसमध्ये बसला, किती वेळा गाडी चुकल्यावर त्याने नाद सोडला, पावसाळ्यात तो काय करतो. हे प्रश्न स्थानकात बसलेल्यांना विचारून भागणार नाही, कारण ते आधीच बसचे प्रवासी आहेत. पेट्रोलपंपावर, टपरीवर, शाळेच्या शिक्षकखोलीत विचारावे लागतील. आणि ‘बसने जाल का?’ असे विचारले की लोक हो म्हणतात. ‘मागच्या सोमवारी कसे गेलात?’ असे विचारले की खरे उत्तर मिळते.

वेळ कोणती साधायची, हे मात्र मॉडेलशिवायही बऱ्यापैकी ठाऊक आहे. माणसाची सवय सर्वांत सैल असते ती घर, नोकरी किंवा शाळा बदलताना. आपल्याकडे हे सगळे एकाच सुमारास येते : मे अखेर बदल्या होतात, जूनमध्ये शाळा-कॉलेज सुरू होतात, पासांच्या खिडकीवर रांगा लागतात, आणि त्याच पंधरवड्यात पहिला पाऊस मोटारसायकलवाल्याला भिजवतो. त्या पंधरवड्यात सकाळच्या दोन फेऱ्या एकदाही न चुकवता सोडल्या, तर वरच्या हिशोबातला ५ टक्क्यांचा आकडा किती वर जातो, हे जुलैच्या भारमानात दिसेल.